कातळावरचं तेल : केशवदेव मालवीयांची गोष्ट

मुरगूडमध्ये कुणाच्या शेतात बोअरची गाडी लागली की बघ्यांची गर्दी होतेच. आधी माती निघते, मग मुरूम, आणि मग सुरू होतो काळा पाषाण. राखेसारखी पावडर उडत राहते. शंभर फूट झाले, दोनशे झाले, तीनशे झाले, तरी कातळ काही संपत नाही. पाणी लागलं तर नशीब. आणि त्या गर्दीत एखादा तरी हमखास असतो, जो अजून थोडं खाली गेलं तर पेट्रोलच लागेल म्हणून सगळ्यांना हसवतो.

तर मित्रांनो, पेट्रोल लागणार नाही. मुरगूडला नाही, कागलला नाही, निपाणीलाही नाही. पण याच काळ्या पाषाणाचा दुसरा तुकडा मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली गाडला गेलाय, आणि तिथे, त्याच्यावर साचलेल्या थरांत, भारतातला सगळ्यात मोठा तेलसाठा सापडला. मुंबई हाय, पूर्वीचं बॉम्बे हाय. दगड एकच. आपल्याकडे तो छप्पर झाला, तिकडे तो फरशी झाला. एवढ्याशा फरकानं देशाचं अर्थकारण हललं.

हा फरक ज्यांनी फार आधी मनावर घेतला, त्या माणसाचं नाव केशवदेव मालवीय. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी कदाचित एका ओळीत वाचलं असेल, भारतीय पेट्रोलियम उद्योगाचे जनक वगैरे. ती ओळ पाठ करून एक मार्क मिळतो, पण माणूस काही कळत नाही. आणि माणूस भारी इंटरेस्टिंग आहे. त्याच्या आयुष्यात विज्ञान आहे, राजकारण आहे, हट्ट आहे आणि एक मोठा डागसुद्धा आहे.

जन्म १९०४ चा, अलाहाबादचा. शिक्षण विज्ञानाचं. कानपूरच्या हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्येही ते शिकले. त्या काळात अशी पदवी हातात असलेला मुलगा सरळ नोकरीला लागू शकला असता. मालवीय स्वातंत्र्य चळवळीत गेले, तुरुंगात गेले, उत्तर प्रदेशातल्या काँग्रेसच्या कामात मुरले. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आले आणि नेहरूंच्या सरकारात नैसर्गिक साधनसंपत्ती व वैज्ञानिक संशोधन या खात्याचे उपमंत्री झाले. खात्याचे मुख्य मंत्री मौलाना आझाद. उपमंत्र्याला फारसं कुणी विचारत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. पण मालवीयांनी या कोपऱ्यातल्या खात्यात एक विषय पकडला आणि सोडलाच नाही : तेल.

तेव्हाची परिस्थिती जरा डोळ्यासमोर आणा. देशात तेल निघायचं ते फक्त आसामात. दिग्बोईला १८८९ पासून. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सगळं मिळून अडीच लाख टनांच्या आसपास. बाकी सगळं बाहेरून. आणणाऱ्या कंपन्या परदेशी, शुद्ध करणाऱ्या परदेशी, पंपावर विकणाऱ्या परदेशी. मुंबईत ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये ज्या दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, त्याही स्टॅनव्हॅक आणि बर्मा शेल यांच्या. बंगालमध्ये सरकारशी करार करून स्टॅनव्हॅकनं तेल शोधायचा प्रयत्न केला, तर तिथल्या विहिरी कोरड्या गेल्या. भारतात आसाम सोडून तेल मिळणं कठीण, असा एकूण सूर होता. ज्यांचा धंदाच आपल्याला तेल विकण्याचा आहे, त्यांनीच तुमच्या घरात तेल नाही असं सांगायचं, हे मालवीयांना पटेना. मला वाटतं, इथे त्यांच्यातला विज्ञानाचा विद्यार्थी जागा झाला. नाही म्हणताय ना, मग दाखवा बघून.

१९५५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ युरोपातल्या देशांत फिरून आलं. तेलाचा शोध कसा घेतात, माणसं कशी तयार करतात, यंत्रं कुठून आणतात, हे पाहून आलं. त्याच वर्षी खात्याच्या हाताखाली तेल व नैसर्गिक वायू संचालनालय सुरू झालं. सुरुवातीची माणसं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातून आलेली, मूठभर. अमेरिका, पश्चिम जर्मनी, रुमानिया, सोव्हिएत रशिया अशा देशांतून तज्ज्ञ बोलावले गेले. त्यातल्या कालिनिन यांच्या सोव्हिएत पथकानं देश फिरून पाहिला आणि कुठे कुठे खोदावं याचा आराखडा मांडला. १४ ऑगस्ट १९५६ ला संचालनालयाचा आयोग झाला. आज आपण ज्याला ओएनजीसी म्हणतो तो हाच. मुख्यालय डेहराडूनला. १९५९ मध्ये संसदेनं कायदा करून त्याला स्वतंत्र अधिकार दिले.

आता एक थांबा घेऊ. कुठे कुठे खोदावं, हे ठरवतात कसं? कारण मालवीयांची सगळी पैज या प्रश्नावर होती.

पहिली गोष्ट म्हणजे डोक्यातून तळं काढून टाका. जमिनीखाली तेलाचं तळं नसतं, नदी नसते, हौद तर नसतोच. तेल असतं दगडात, दगडाच्या बारीक बारीक छिद्रांत. जाळीदार आंबोळीवर रस्सा घातला की तो कसा आत शिरून बसतो, तसं. त्यामुळे तेल हवं तर आधी जाळीदार दगड हवा. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो लाव्हा थंड होऊन बनलेला, घट्ट. त्यात भेगा असतात, म्हणून तर बोअरला कधी पाणी लागतं. पण तो जन्माला आला तोच हजार अंशांहून जास्त तापलेल्या रसातून. त्यात जीवजंतू, पानं, शेवाळ असं काही असायचा प्रश्नच नाही. आणि तेल बनतं ते नेमकं त्यातूनच.

दुसरी गोष्ट : खोलगट जागा. जमिनीचा एक मोठा पट्टा लाखो वर्षं हळूहळू खचत राहतो. त्यात समुद्र शिरतो, नद्या गाळ आणून टाकतात. थरावर थर, थरावर थर. यालाच गाळाचं खोरं म्हणतात. या खोऱ्यात एखाद्या काळी पाणी शांत असतं, तळाशी प्राणवायू कमी असतो. मग वरून मरून पडलेलं सूक्ष्म शेवाळ, प्लवक, किनाऱ्यावरच्या झाडांचा पालापाचोळा पूर्ण कुजत नाही. चिखलात तसाच अडकतो. त्यावर आणखी गाळ बसतो आणि काळा, सेंद्रिय माल भरलेला शेल दगड तयार होतो. हा झाला कच्चा माल.

मग लागतो विस्तव. आणि हे समजायला आपल्या भागातल्या पोरांना पुस्तक उघडायची गरज नाही, गुऱ्हाळावर जाऊन या. काहिलीत रस आहे, खाली जाळ आहे. जाळ कमी पडला तर रस रसच राहतो. बेताचा लागला तर गूळ. जास्त झाला तर करपला. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतं, साधारण किलोमीटरमागे २५ ते ३० अंश. सेंद्रिय शेल गाळाखाली दबत दबत दोनेक किलोमीटर खाली गेला आणि ६० अंशांच्या वर तापू लागला की त्यातून तेल सुटू लागतं. १२० च्या पुढे, आणखी खोल, वायू जास्त. त्याहून फार तापलं तर सगळं करपून नुसता कार्बन उरतो. फरक एवढाच, गुळव्याला काही तास लागतात आणि निसर्गाला लाखो-कोटी वर्षं.

तयार झालेलं तेल जिथे बनलं तिथे राहत नाही. पाण्यापेक्षा हलकं ना ते. दगडांच्या छिद्रांत सगळीकडे पाणी भरलेलं असतं, त्यातून वाट काढत तेल वर वर सरकतं. वाटेत अडवणारं काही नसेल तर थेट जमिनीवर येऊन उडून जातं, संपलं. अडवायला वरून घट्ट झाकण लागतं, चिकणमातीचा किंवा मिठाचा थर. आणि झाकणाचा आकारही हवा, उपड्या घातलेल्या परातीसारखा. परातीखाली वर वायू, मध्ये तेल, खाली पाणी, असा माल साठतो. आणखी एक अट राहिलीच. परात आधी तयार हवी, तेल नंतर यायला हवं. उलटं झालं तर परात रिकामी. एवढ्या सगळ्या अटी एकाच जागी जुळल्या तर तेलसाठा. म्हणून तर तेल सगळीकडे नसतं, आणि म्हणूनच एक विहीर कोरडी गेली म्हणजे अख्ख्या देशात तेल नाही, असंही होत नाही.

मालवीयांच्या माणसांनी पहिली विहीर खोदली ती हिमाचलात, ज्वालामुखी या गावी, १९५७ मध्ये. नाव ऐकून गंडू नका. मराठीत ज्वालामुखी म्हटलं की लाव्हा आठवतो, पण तिथे तसलं काही नाही. तिथे देवीचं प्रसिद्ध मंदिर आहे आणि मंदिरात खडकाच्या भेगांतून ज्वाळा येतात. त्या नैसर्गिक वायूच्या. म्हणजे भूगर्भशास्त्राच्या भाषेत खाली वायू बनतोय आणि झाकण गळकं आहे. (खरा ज्वालामुखी पाहायचा तर मुरगूडकरांनी पायाखाली बघावं, आपण त्याच्या थिजलेल्या लाव्ह्यावरच राहतो.) एवढी ढळढळीत खूण होती म्हणून तिथे खोदलं. वायू मिळाला, पण धंदा करण्याइतका नाही. हिमालयाच्या पायथ्याचे थर इतके चुरगळलेले की कुठला थर कुठे गेलाय याचा पत्ता लागणं मुश्कील.

सुरुवातच अशी. गरीब देश, धान्य आयात करणारा, परकीय चलनाचा एकेक डॉलर मोजून वापरणारा. त्यातले पैसे जमिनीत भोकं पाडण्यात घालायचे आणि हाती काही लागायचं नाही. तुम्ही त्यावेळी मतदार असता तर काय म्हणाला असता? मी तर नक्कीच शिव्या दिल्या असत्या. खोदकामाचा जुगार खासगी कंपनीनं खेळला तर तिचे भागधारक रडतात. सरकारनं खेळला तर शाळा, दवाखाने, कालवे यांच्या वाट्याचे पैसे जातात. मालवीयांवरची टीका काही अगदीच वेडगळ नव्हती, हे मान्य करायला हवं.

पण पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, खंबायतजवळ लुणेजला तेल लागलं. स्वतंत्र भारतात सरकारी आयोगानं स्वतः शोधलेलं पहिलं तेल. आणि एक गंमत लक्षात आली का? १९५८ मध्ये गुजरात वेगळा नव्हता. लुणेज आणि मुरगूड तेव्हा एकाच मुंबई राज्यात होते! इकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटलेले आणि तिकडे त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला जमिनीतून तेल वर येत होतं. १ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. त्याच वर्षी भडोच जिल्ह्यात अंकलेश्वरला लुणेजपेक्षा कितीतरी मोठा साठा सापडला. नेहरू तिथे गेले, पहिल्या विहिरीचं नाव त्यांनी वसुधारा ठेवलं.

खंबायतच्या खोऱ्याची रचना बघा. तळाशी आपलाच पाषाण, दख्खनचा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे पूर आले, ते गुजरातपासून आपल्या कोल्हापूरपर्यंत आणि पलीकडे विदर्भ, माळव्यापर्यंत पसरले. पण तिकडे लाव्ह्यानंतर जमीन ताणली गेली, दोन बाजूंना भेगा पडून मधला पट्टा खचला. त्या खचलेल्या पट्ट्यात समुद्र शिरला आणि काळा शेल साचला. अंकलेश्वरला त्यावर प्राचीन नद्यांनी आणलेली वाळू बसली, तिचा वालुकाश्म झाला. शेलमधलं तेल वालुकाश्मात. आपल्याकडे मात्र लाव्ह्यानंतर जमीन खचली नाही, उंचच राहिली. गाळ साचायच्या ऐवजी पाऊस तिला झिजवत बसला, वेदगंगेनं दरी कोरली. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी खोल विवरं घेतली, तेव्हा बेसॉल्ट संपल्यावर खाली थेट ग्रॅनाईटच्या जातीचा खडक लागला. मध्ये गाळाचा थरच नाही. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला कलादगी समूहाचा वालुकाश्म आहे म्हणा, पण तो लाव्ह्याहून कितीतरी जुना आणि त्यातून कुणाला तेल मिळालेलं नाही.

तेल मिळाल्यावर मालवीयांची भीड चेपली. १९६० मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाकडून स्वस्तात कच्चं तेल घ्यायचा घाट घातला आणि ते शुद्ध करून द्या असं परदेशी कंपन्यांच्या रिफायनऱ्यांना सांगितलं. कंपन्यांनी नकार दिला, करारात तशी सक्ती नाही म्हणून. मालवीयांचा डाव फसला असं वाटेल, पण झालं उलटं. रशियन भावाची टांगती तलवार दिसल्यावर त्याच कंपन्यांना आपल्या तेलाच्या किमती कमी कराव्या लागल्या. दरम्यान सरकारी रिफायनऱ्यांचं काम सुरू झालं होतं. गुवाहाटीजवळ नूनमाटीला रुमानियाच्या मदतीनं, बरौनी आणि कोयलीला रशियाच्या मदतीनं. इंडियन ऑइलचा पंप तुम्ही रोज बघता, ती कंपनी १९५९ ची, याच काळातली. आज ५०-१०० चं पेट्रोल टाकताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि मग १९६३. इथे गोष्ट गोड राहत नाही. ओरिसात खाणी असलेल्या सिराजुद्दीन नावाच्या कंपनीच्या हिशेबाच्या वह्या तपासात सापडल्या आणि त्यात मालवीयांशी संबंधित नोंदी असल्याचं बाहेर आलं. ते खाण खात्याचेही मंत्री. खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घ्यायला लावल्याचा आरोप झाला. संसदेत गदारोळ. नेहरूंनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. के. दास यांच्याकडे चौकशी दिली. चौकशीचा अहवाल जनतेसमोर आला नाही, मालवीयांना मात्र राजीनामा द्यावा लागला. परदेशी तेल कंपन्यांना अंगावर घेतल्यामुळे त्यांचा काटा काढला गेला, असं मानणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. मला हे स्पष्टीकरण जरा सोयीचं वाटतं. ज्या खात्याचे आपण मंत्री, त्याच खात्याशी काम असलेल्या माणसाकडे निवडणुकीच्या पैशांचा विषय जाऊच कसा शकतो? तेलासाठी केलेलं काम मोठं आहे म्हणून हा प्रश्न पुसता येत नाही. आणि हा प्रश्न आहे म्हणून तेलाचं कामही खोटं ठरत नाही. दोन्ही एकाच माणसाची.

मंत्रिपद गेलं, पण त्यांनी उभी केलेली यंत्रणा थांबली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९६४ ते १९६७ या काळात अकादमिक अर्खांगेल्स्की नावाचं सोव्हिएत जहाज खंबायतच्या आखातात आणि बाहेरच्या समुद्रात फिरत होतं, रशियन आणि भारतीय शास्त्रज्ञांना घेऊन. काम काय, तर पाण्यात दणका द्यायचा आणि तळाखालच्या थरांवरून परत येणारा आवाज ऐकायचा. कुठल्या थरावरून आवाज किती वेळानं परत आला, यावरून खालचा नकाशा काढतात. वैद्यबुवा पोटावर बोटानं टकटक करून पाहतात ना, साधारण तोच प्रकार, फक्त काही किलोमीटर खोल. या नकाशात मुंबईच्या पश्चिमेला एक प्रचंड उंचवटा दिसला. उपडी परात! १९७२-७३ मध्ये पुन्हा बारकाईनं सर्वेक्षण झालं.

हा उंचवटा तिथे आला कसा? लाव्ह्याच्या काळातच भारताचा पश्चिम किनारा फाटत होता. आज हिंदी महासागरात असलेली सेशेल्स बेटं तेव्हा आपल्याला चिकटलेली होती, ती तुटून दूर गेली. तुटताना किनाऱ्याचे ठोकळे झाले. काही ठोकळे खोल खचले, एक मोठा ठोकळा मध्येच उंच राहिला. खचलेल्या भागात दलदली, खाजणं, चिखल. त्यातून पन्ना नावाचा काळा शेल आणि कोळशाचे थर बनले. तो झाला कच्चा माल. उंच राहिलेल्या ठोकळ्यावर मात्र उबदार, उथळ, नितळ समुद्र होता. तिथे चुन्याचं कवच असणारे असंख्य सूक्ष्म जीव वाढले, मेले, त्यांचा चुनखडक झाला. अधूनमधून समुद्राची पातळी खाली जायची, चुनखडक उघडा पडायचा. पावसाच्या पाण्यानं तो विरघळून त्याला जाळी पडायची. पुढे त्यावर चिकणमातीचे जाड थर बसले. झालं झाकण. मग आजूबाजूच्या खोलगट भागातल्या शेलमधून सुटलेलं तेल सरकत सरकत उंचवट्याकडे आलं आणि जाळीदार चुनखडकात, झाकणाखाली अडकलं. सगळ्या अटी जुळल्या. कमाल म्हणजे पुढे काही ठिकाणी तळाच्या भेगाळलेल्या बेसॉल्टमध्ये आणि त्याखालच्या ग्रॅनाईटमध्येही तेल शिरलेलं मिळालं. म्हणजे आपला काळा पाषाण अगदीच निरुपयोगी नाही. शेजार चांगला हवा!

कागदावर परात दिसणं वेगळं आणि खुल्या समुद्रात, पाऊणशे मीटर पाण्यात उभं राहून ती फोडणं वेगळं. त्यासाठी जपानमधून सागर सम्राट ही तरंगती रिग आणली. जागेवर गेली की पाय खाली सोडून समुद्राच्या तळावर उभी राहणारी. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिनं मुंबई हायवर तेल शोधलं. घरात जुन्या एक रुपयाच्या नोटा असतील तर मागची बाजू बघा. समुद्रातला जो मनोरा छापलाय, तो सागर सम्राट आहे.

वेळ कशी होती बघा. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते. भारताची तिजोरी रिकामी व्हायची वेळ. अशात आपल्याच समुद्रात तेल! मालवीय तेव्हा सत्तेत परतले होते. १९७१ मध्ये डोमरियागंजमधून ते लोकसभेवर आले होते. तेल सापडलं त्या दिवशी मात्र पेट्रोलियम खातं त्यांच्याकडे नव्हतं, ते पोलाद आणि खाण खातं सांभाळत होते. म्हणजे या शोधाच्या दिवसाचं श्रेय कागदोपत्री त्यांचं नाहीच. ते जहाजावरच्या, रिगवरच्या, डेहराडूनच्या नकाशांवर मान मोडून बसलेल्या शेकडो लोकांचं आहे. त्याच वर्षी पुढे पेट्रोलियम खातं मालवीयांकडे आलं आणि मग सापडलेलं तेल बाहेर काढायची घाई सुरू झाली. समुद्रात मचाण उभी करायची, विहिरी घ्यायच्या, टँकर लावायचे, आणि याचा आधीचा अनुभव देशात कुणालाच नाही. तरी मे १९७६ मध्ये मुंबई हायचं तेल येऊ लागलं. शोधापासून उत्पादनापर्यंत सव्वादोन वर्षं. आपल्याकडे एखाद्या पुलाला किती लागतात, ते तुम्हीच आठवा.

त्याच काळात, १९७६ च्या जानेवारीत, बर्मा शेलचा भारतातला कारभार सरकारनं ताब्यात घेतला. आजची भारत पेट्रोलियम. सोळा वर्षांपूर्वी रशियन तेल शुद्ध करायला नाही म्हणणाऱ्यांपैकी ही एक. मालवीयांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही. अर्थात हा आणीबाणीचा काळ होता आणि ते त्या सरकारात मंत्री होते, हेही सांगितलं पाहिजे. १९७७ मध्ये सरकार गेलं, त्याबरोबर त्यांचं मंत्रिपदही.

मुंबई हायचं तेल आणि वायू पुढे पाइपनं उरणला आणला गेला. तो वायू घरच्या सिलिंडरमध्ये गेला, आणि आपल्या उसातही गेला. कसा? युरिया बनवायला आधी अमोनिया लागतो आणि अमोनियातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्याला समुद्रातला हाच वायू मिळाला. तिथल्या युरियाची पोती आपल्या भागातल्या सोसायट्यांत उतरलेली तुम्ही पाहिली असतील. मुरगूडच्या कातळात तेल नाही, पण समुद्रातल्या कातळावरचा वायू मुरगूडच्या शेतात पोचला तो असा.

१९८९ च्या सुमारास मुंबई हाय ऐन भरात होतं, वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात तेल. नंतर उतरण लागली. जाळीदार दगडातलं सगळं तेल कधीच बाहेर येत नाही, बरंचसं छिद्रांना चिकटून राहतं. दाब कमी झाला की पाणी सोडून ढकलावं लागतं. पन्नास वर्षं झाली तरी तिथून तेल निघतंच आहे, पण देशाची भूक केव्हाच पुढे निघून गेली. आज लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरूनच आणतो.

मालवीय १९८१ मध्ये गेले. डेहराडूनला १९६२ पासून तेलशोधाची एक संशोधन संस्था होती, त्याच वर्षी तिला त्यांचं नाव दिलं गेलं. आजही देशात कुठेही नवी विहीर घेतली की खालून काढलेल्या दगडांचे नमुने तपासले जातात. त्यात सेंद्रिय माल किती, तो किती तापलाय, दगडाला जाळी किती, झाकण घट्ट आहे का गळकं, असे प्रश्न घेऊन पंचविशीतली मुलंमुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतात. गेटवर तीच अक्षरं आहेत, केशवदेव मालवीय पेट्रोलियम एक्स्प्लोरेशन संस्था.